घागरीच्या गळ्याजवळची चीर

आषाढातली रात्र होती. गोठ्याच्या फळीवर उपडी घातलेली पितळी घागर कुणीही हात न लावता तडकली. एकदाच 'टण्ण' असा आवाज झाला आणि पुन्हा पाऊस ऐकू येऊ लागला. आजी चिमणी घेऊन गेली. घागर पडली नव्हती, तिच्यावर काही पडलंही नव्हतं. पण गळ्यापासून पोटाकडं बोटभर लांब चीर गेली होती. आजीनं लगेच मीठ-मोहऱ्या आठवल्या. आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, चिरेवरून अंगठा फिरवला, घागर वाजवून तिचा बद्द झालेला आवाज ऐकला आणि एवढंच म्हणाले, "हिले ताव कमी पडना."

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आबांचं ते वाक्य खरं होतं हे माझ्या डोळ्यांनी पाहायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. ते पाहता आलं एका यंत्रामुळं. ते यंत्र म्हणजे प्रयोगशाळेत धातूचे आणि दगडांचे नमुने कापायची, हिऱ्याच्या कणांची बारीक करवत. माझी सारी नोकरी तिच्यासमोर गेली. आज लिहायचं आहे ते या करवतीबद्दल आणि आमच्या सोनगीरबद्दल. दोघांचं नातं मला फार जुनं वाटतं.

सोनगीर धुळ्याच्या उत्तरेला, वीस-बावीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. गावाच्या डोक्यावर किल्ला आणि पायथ्याशी बाजार. रस्ता जुना, माळव्याकडं जाणारा. त्यामुळं माल येणं आणि भांडी जाणं, दोन्ही सोयीचं होतं. 1880 साली निघालेल्या खानदेश गॅझेटियरनंही सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची नोंद घेतली आहे. आमच्या आळीत सकाळी कोंबड्याच्या आधी हातोडे सुरू व्हायचे. कोणता हातोडा कोणाच्या घरातला, हे आम्ही पोरं अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचो. परातीचा ठोका वेगळा, हंड्याच्या बुडाचा वेगळा, शेवटच्या मठाराचा, म्हणजे झळाळी आणणाऱ्या ठोक्यांचा, तर अगदीच वेगळा.

ताव म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तांब्या-पितळेचा पत्रा ठोकत गेलं की तो कडक होतो. काही वेळानं हातोडा नुसताच उडतो, पत्रा सरकत नाही. तेव्हा भांडं भट्टीत घालून मंद लाल होईपर्यंत तापवायचं. तापलं की ते पुन्हा मऊ होतं. हा ताव. एका घागरीला असे कितीतरी ताव द्यावे लागतात. पण शेवटच्या ठोक्यांनंतर पूर्ण ताव देता येत नाही. दिला तर भांडं लिबलिबीत होतं, मठाराची झळाळी जाते, गिऱ्हाईक परत करतं. म्हणून बहुतेक भांडी तशीच, अंगात ताण घेऊन, दुकानाबाहेर पडतात. आबा मात्र विझत आलेल्या भट्टीवर भांडं फिरवून त्याला हलकी ऊब द्यायचे. रंग बदलणार नाही, कडकपणा जाणार नाही, इतकीच. आमच्या घरात त्याला 'शेवटचा शेक' म्हणत. ती घागर लग्नसराईच्या घाईत घडवलेली होती आणि तिचा शेक राहून गेला होता.

मी हातोडा धरला नाही. स्टीलचा जमाना आला, वडिलांनी मला धुळ्याला आयटीआयमध्ये घातलं आणि 1978 साली मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागलो. कामाचं नाव 'सॅम्पल कटिंग'. तुटलेले शाफ्ट, फुटलेले पाइप, गिअरचे दात, बोअरिंगमधून काढलेले दगडाचे दंडगोल असं काहीही यायचं. त्याचा नखाएवढा तुकडा कापून, घासून, चमकवून साहेबांच्या सूक्ष्मदर्शकाखाली द्यायचा.

पहिल्याच महिन्यात माझ्याकडून एक तुकडा वाया गेला. मोठ्या चाकाच्या कटरवर पोलादाचा नमुना मी जोर लावून झटपट कापला. कापलेल्या तोंडावर निळसर झाक आली होती. मला ती शोभेची वाटली. आमचे वरिष्ठ म्हणाले, "हा तू कापला नाहीस, भाजलास. आता यात कारखान्याची भट्टी दिसणार नाही, तुझी दिसेल." त्या दिवशी मला माझं काम समजलं. नमुना कापणारा माणूस साक्षीदाराला कोर्टात घेऊन जाणाऱ्यासारखा असतो. वाटेत साक्षीदाराची जबानी बदलता कामा नये.

त्यासाठीच ती छोटी करवत होती. टेबलावर मावणारी, कटकन काही न तोडणारी. तिच्या पात्याला दात नसतात. वितीहूनही कमी व्यासाची, कागदी पुठ्ठ्याइतकी पातळ धातूची चकती आणि तिच्या कडेला रुतवलेले हिऱ्याचे कण. चकती मिनिटाला शे-दोनशे फेरे घेते. मोठा कटर मिनिटाला हजारोंनी फिरतो. चकतीची खालची कड पाण्या-तेलाच्या थाळीत बुडलेली असते आणि फिरता फिरता ती स्वतःला ओलं करत राहते. नमुना एका आडव्या दांड्याच्या टोकाला चिमट्यात बसवायचा, किंवा फारच लहान असला तर मेणानं काचेवर चिकटवायचा. मायक्रोमीटरचा स्क्रू फिरवून कुठं कापायचं ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत ठरवायचं. मग दांडा अलगद पात्यावर टेकवायचा. तिथून पुढं हातानं दाब द्यायचा नाही. दांड्यावर ठेवलेली वजनं आणि पृथ्वीचं ओढणं, एवढ्यावरच काप उतरतो. एका कापाला वीस मिनिटं लागोत की दोन तास, थांबायचं.

थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही. ऐकायचं. नीट चाललेलं पातं एकसारखं खरखरतं. मऊ तांबं कापताना आवाज हळूहळू गुळगुळीत होत गेला की समजावं, हिऱ्याच्या कणांमध्ये तांब्याचा लगदा भरला आहे आणि पातं आता कापत नाही, नुसतं घासतं आहे. मग वजन वाढवायचं नसतं. दांडा उचलायचा आणि पांढऱ्या कुरुंदाच्या कांडीवर पातं चालवून पाजळायचं. लगदा निघतो, नवे कण उघडे पडतात, खरखर परत येते. नव्या मुलांना मी हेच पहिल्यांदा शिकवायचो आणि शिकवताना मला आबांची आठवण यायची. तेही शिकाऊ पोराच्या हातातला हातोडा थांबवून म्हणायचे, "भांडं बोलस रे, आयक."

दुसरा नियम मोठ्या कटरच्या चाकाचा, आणि तो ऐकायला उलटा वाटतो. माल जितका कठीण, तितकं चाकाचं बंधन मऊ हवं. कापणारे कण ज्या मसाल्यात धरलेले असतात, तो मसाला म्हणजे बंधन. कठीण माल कापताना कण लवकर बोथट होतात. मसाला फार पक्का असेल तर बोथट कण तिथंच चिकटून राहतात, घासतात, तापवतात. मऊ मसाला त्यांना वेळेवर सोडून देतो आणि मागचे तीक्ष्ण कण पुढं येतात.

ही गोष्ट आपल्याकडच्या कारागिरांना शेकडो वर्षांपासून ठाऊक होती. शिकलगार आणि रत्नं घासणारे कारागीर कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत मळून त्याची चाकं करत. कुरुंद हा कापणारा, लाख ही धरणारी. घासताना लाख झिजत जाई आणि नवा कुरुंद पुढं येई. युरोपीय भाषांतला 'कॉरंडम' हा शब्दसुद्धा आपल्या कुरुंद-कुरुविंदाच्याच कुळातला. 1907 साली लिओ बेकलंड या रसायनतज्ज्ञानं अमेरिकेत जे बेकेलाइट बनवलं, तो शोध लाखेला पर्याय शोधता शोधताच लागला होता. पुढं त्याच जातीच्या रेझिननं कापणाऱ्या चाकांतलं कुरुंद बांधलं जाऊ लागलं. आमच्या प्रयोगशाळेत कापलेला तुकडा हातात धरता यावा म्हणून ज्या काळ्या गोळीत बसवत, तीही बेकेलाइटचीच. लाख आणि कुरुंद यांचीच नातवंडं माझ्या टेबलावर होती, एवढं कळल्यावर ते टेबल मला परकं वाटेनासं झालं.

वस्तू कापून तिच्या आत सूक्ष्मदर्शकानं पाहायची रीत मात्र युरोपात घडली. एडिंबरोच्या विल्यम निकल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत दगड झालेल्या लाकडाचे काप काचेवर चिकटवून प्रकाश आरपार जाईपर्यंत घासले. शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी 1849 च्या सुमारास तेच साध्या खडकांवर केलं. एवढे मोठे डोंगर सूक्ष्मदर्शकाखाली काय पाहायचे, असं त्यांना तेव्हा लोक म्हणत. दगडाचा असा काप मिलिमीटरच्या फक्त तीन शतांश भाग जाड ठेवायचा असतो, म्हणजे 0.03 मिलिमीटर. आजही तोच दंडक आहे. 1863 साली सॉर्बींनी पोलादाचा तुकडा घासून, आम्लानं हलकेच खाववून पाहिला आणि धातूही कणांचा बनलेला असतो हे त्यांना डोळ्यांनी दिसलं. धातू कापून पाहायच्या शास्त्राची सुरुवात तिथं झाली.

आपला खानदेश या कथेत फार लवकर आला. 29 जून 1843 रोजी आताच्या जळगाव जिल्ह्यात, एदलाबाद म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, मानेगाव इथं आकाशातून दगड पडला. त्याचे जे तुकडे जगात उरले ते मोजके तोळेच भरतील. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये खनिजांचे प्रमुख असलेले नेव्हिल स्टोरी-मास्केलीन 1860 च्या दशकात उल्कांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासू लागले. हे काम करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या माणसांपैकी ते एक. त्यांनी अभ्यासलेल्या दगडांत मानेगावचा दगड होता. अशा जातीच्या दगडांना आता डायोजेनाइट म्हणतात आणि ते वेस्टा नावाच्या लघुग्रहाच्या पोटातून आले असं मानतात. 2011-12 मध्ये नासाचं 'डॉन' यान वेस्टाभोवती फिरलं तेव्हा या मताला मोठा आधार मिळाला. इतक्या दुर्मीळ दगडाचा एक काप घ्यायचा म्हणजे पात्याच्या जाडीएवढा दगड कायमचा भुकटी होणार. म्हणून पातं पातळ हवं, वजन हलकं हवं, हात स्थिर हवा. असा एखादा दगड आपल्या चिमट्यात असता तर मी दोन दिवस जेवलो नसतो.

आमच्या पायाखालचे दगडही कमी बोलके नाहीत. नंदुरबार-धुळे भागात काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. दख्खनचा लाव्हा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, ज्या भेगांत भरून थिजला त्या या भेगा. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी या पट्ट्यातल्या दोनशेहून अधिक डाइकची नोंद केली. साक्री-धुळे-पारोळा या वाटेवरचा एक तर 79 किलोमीटर लांब. असे दगड मी कितीतरी कापले. काळा ठोकळा पात्यातून उतरतो, काचेवर घासला जातो आणि शेवटी काजळी पुसलेल्या काचेसारखा पारदर्शक होतो. आत पांढऱ्या काड्यांची आणि तपकिरी कणांची नक्षी. लहानपणी ज्या दगडांवर आम्ही चिंचोके फोडले त्यांच्या पोटात हे होतं.

घागर मी विसरलो नव्हतो. वडील गेले, घर आवरायला गेलो, तेव्हा ती माळ्यावर सापडली. आबांनी तिला डाख दिला नव्हता, मोडीतही घातली नव्हती. का ठेवली ते कुणी सांगू शकलं नाही. माझ्या मते ती त्यांनी स्वतःला बजावायला ठेवली होती. परवानगी घेऊन, सुटीच्या दिवशी, ती मी माझ्या करवतीवर घेतली.

आधी हातकरवतीनं, चिरेपासून चांगलं चार बोटं लांब, गळ्याचा तुकडा वेगळा केला. घाईचा काप दूर ठेवायचा, म्हणजे त्याचा धक्का चिरेपर्यंत पोचत नाही. मग चिरेत पातळ इपॉक्सी सोडून ती रात्रभर मुरू दिली. तसं केलं नाही तर पातं चिरेच्या कडा हलवतं, आणि पुढं दिसलेली भेग जुनी की माझी, हे सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यात हलकं वजन लावून चिरेला आडवा काप घेतला. मिलिमीटरभर जाडीचं पितळ होतं, तरी मी तीनदा पातं पाजळलं. मग तुकडा गोळीत बसवला, कागदावर उतरत्या क्रमानं घासला, मखमलीवर चमकवला आणि फेरिक क्लोराइडच्या द्रावणात काही क्षण बुडवला.

सूक्ष्मदर्शकात घागरीचं सगळं आयुष्य होतं. पोटाकडचे कण मोकळे, बहुकोनी, त्यांच्यात ताव दिलेल्या पितळात दिसतात तशा सरळ जोडरेषा. गळ्याकडं सरकत गेलो तसे कण दबलेले, ओढलेले, अंगभर ठोक्यांचे वळ उमटलेले. आणि चीर? ती कण फोडून गेली नव्हती. कणांच्या बांधाबांधावरून, मुळाला फाटे फुटावेत तशी, आत शिरली होती. घागर फुटली नव्हती. तिच्या अंगातल्या ताणानं तिला आतून उसवलं होतं.

या दुखण्याची नोंद शास्त्रात आहे, आणि ती हिंदुस्थानच्या पावसाळ्यातूनच आली आहे. इंग्रजांच्या इथल्या फौजेत पितळी काडतुसं पावसाळ्यात कोठारांत पडल्या पडल्या चिरत. ऋतूशी संबंध दिसला म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूवरूनच नाव पडलं. खरं कारण 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं. काडतुसाच्या पितळात घडवतानाचा ताण शिल्लक असतो, आणि ओल्या हवेतला अमोनिया कणांच्या सांध्यांवर हल्ला करतो. तो अमोनिया घोड्यांच्या पागेतून येत असे. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की पितळ चिरतं. उपाय सोपा निघाला. घडवून झाल्यावर पितळाला मंद ऊब द्यायची. ताण जातो, कडकपणा राहतो.

मी तो मजकूर वाचला तेव्हा खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेलो. पागेच्या जागी आमचा गोठा घाला, काडतुसाच्या जागी घागर. आषाढ तोच. आणि उपाय म्हणजे आबांचा शेवटचा शेक. त्यांनी अमोनियाचं नाव ऐकलं नव्हतं, पण कोणत्या भांड्याला काय कमी पडलं, हे अंगठा फिरवून सांगितलं होतं.

म्हणून आबांना सारं विज्ञान येत होतं, असं मी म्हणत नाही. ते खोटं होईल आणि त्यांनाही आवडणार नाही. त्यांना 'काय करावं' हे माहीत होतं, 'का' हे माहीत नव्हतं. 'का' माहीत नसलं की घाईच्या दिवशी शेक राहून जातो, आणि पुढच्या पिढीला तो वेळखाऊ सोपस्कार वाटू लागतो. दुसऱ्या बाजूला, 'का' कळलेल्या माणसांनी ते आमच्या आळीत येऊन कधी सांगितलं नाही. 1921 पासून त्या घागरीच्या रात्रीपर्यंत कितीतरी पावसाळे गेले. तेवढ्या काळात खानदेशात किती भांडी अशी गोठ्यांतून तडकली असतील आणि किती आज्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या असतील!

करवतीनं मला एवढंच शिकवलं: आतलं पाहायचं तर हळू कापावं, आणि कापताना आपला जोर त्यात मिसळू नये. एखाद्या धंद्याचा इतिहास लिहितानाही हेच लागू आहे असं मला वाटतं. सोनगीरच्या भांड्यांबद्दल कौतुकानं पुष्कळ बोललं जातं. पण कोणत्या घरात ताव कसा देत, पत्रा कुठून आणत, शेवटचा हात काय असे, हे त्या घरातल्या माणसाच्या तोंडून, आपली भर न घालता, कुणी लिहून ठेवायला हवं. हातोडे थांबतील तेव्हा भांडी उरतील, पण भांडी स्वतःहून सगळं सांगत नाहीत.

सोनगीरच्या आणि बाहेरच्याही, आज पितळ घडवणाऱ्या तरुणांना माझं हात जोडून सांगणं आहे. शेवटच्या मठारानंतर भांड्याला हलका शेक द्या. ते लाल करू नका, झळाळी जाऊ देऊ नका, पण शेक चुकवू नका. आणि ज्यांच्या घरी जुनी पितळी भांडी आहेत त्यांनी ती गोठ्यात किंवा मोरीच्या ओलीत ठेवू नयेत, कोरड्या जागी ठेवावीत. ती घागर आजही माझ्याकडं आहे. मी कापला तेवढा गळ्याचा तुकडा सोडला, तर बाकी सगळी तशीच आहे.